नवा जुळवलेला डेस्कटॉप सुरूच होत नसेल तर शोध कोठून सुरू करावा

सुटे भाग ऑनलाइन मागवून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून घरच्या घरी संगणक जुळवणारे विद्यार्थी सांगली-मिरजेत आता नवलाचे राहिलेले नाहीत. विश्रामबागेतल्या वसतिगृहाच्या खोलीत असो वा गावभागातल्या जुन्या घराच्या माडीवर, शेवटचा स्क्रू आवळून बटण दाबल्यावर काहीच घडले नाही की पहिला निष्कर्ष एकच निघतो, तो म्हणजे मदरबोर्ड (सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड) डेड आला. हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. नवा भाग कारखान्यातूनच सदोष येऊ शकतो, हे खरे आहे. परंतु त्याहून कितीतरी अधिक वेळा एखादी वायर अर्धवट बसलेली असते, एखादा स्क्रू नको तेथे टेकलेला असतो, किंवा वीज मुळात संगणकापर्यंत पोहोचलेलीच नसते. म्हणून भाग परत पाठवण्याच्या आधी शोध भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करून आत आत नेणे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, हाच मार्ग सर्वांत कमी खर्चाचा ठरतो.

त्याआधी ‘सुरू होत नाही’ म्हणजे नेमके काय होते, हे ठरवले पाहिजे. कोणी ओळखीचा मुलगा फोन करून “दादा, पीसी चालूच होत नाही” असे म्हणतो, तेव्हा त्याला विचारण्याचा पहिला प्रश्न “बटण दाबल्यावर पंखा जरा तरी हलतो का रे?” हाच असतो, कारण त्या एका उत्तरावर पुढची सगळी दिशा अवलंबून असते. पंखा अजिबात हलत नसेल आणि एकही दिवा लागत नसेल, तर वीज येत नाही किंवा चालू करण्याची सूचना मदरबोर्डपर्यंत पोहोचत नाही. पंखा क्षणभर हलून थांबत असेल, तर वीज येते आहे, पण कोठेतरी शॉर्ट असल्यामुळे एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारी पेटी) स्वतःला बंद करून घेतो आहे, असा संशय घ्यावा. पंखे नीट फिरत राहतात, पण पडद्यावर काहीच दिसत नाही, हा तिसरा प्रकार. त्याची कारणे बहुधा रॅम, प्रोसेसर, बायोस (संगणक सुरू करणारे, बोर्डावरच साठवलेले सॉफ्टवेअर) किंवा केवळ चुकीच्या जागी लावलेली मॉनिटरची वायर ही असतात. या तिन्ही प्रकारांना बोलताना ‘डेड’ म्हटले जाते आणि तेथूनच गोंधळाला सुरुवात होते.

हात लावण्याआधी

कॅबिनेटच्या आत हात घालताना एसएमपीएसच्या मागचे बटण बंद करून भिंतीतली वायर काढावी, आणि नंतर समोरचे पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे बोर्डावर शिल्लक राहिलेला भार उतरतो. एसएमपीएसची पेटी मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये. आपल्याकडच्या २३० व्होल्ट विजेचा शिखर दाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो, आणि आतला मोठा कपॅसिटर वायर काढल्यावरही काही काळ तीनशेहून अधिक व्होल्ट धरून राहू शकतो. त्या पेटीत घरी दुरुस्त करण्यासारखे काही नसते. थंडीच्या कोरड्या दिवसांत अंगावर स्थिर विद्युत साचते, म्हणून लोकरीचा स्वेटर काढून ठेवावा आणि रॅम किंवा प्रोसेसर हातात घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा.

भिंतीपासून एसएमपीएसपर्यंत

ज्या सॉकेटमध्ये संगणकाची वायर घातली आहे, त्यात प्रथम मोबाईलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून पाहावा. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. कारण जुन्या घरांत एकाच बोर्डावरची दोन सॉकेटे वेगवेगळ्या स्विचवर असतात, आणि एक्स्टेंशन बोर्डाचा स्वतःचा स्विच टेबलाखाली पायाने बंद झालेला असतो. दुसरी गोष्ट पिनची. काही एसएमपीएसबरोबर १६ अँपियरची जाड पिन येते आणि घरात टेबलाजवळ सॉकेट असते ६ अँपियरचे. मग मधे एक कन्व्हर्टर लागतो, आणि स्वस्त कन्व्हर्टरच्या आतल्या पट्ट्या इतक्या सैल असतात की पिन आत गेल्यासारखी दिसते, पण तिला वीज धड लागत नाही. अशा वेळी स्वयंपाकघरातल्या १६ अँपियरच्या सॉकेटवर संगणक नेऊन लावून पाहणे सोपे पडते.

अर्थिंग नसेल तर संगणक सुरू होणार नाही असे नाही, पण तपासताना फसवणूक मात्र होते. एसएमपीएसच्या आतील फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींतून अर्थकडे जोडलेले असतात. अर्थची तार कोठेही पोहोचत नसेल, तर कॅबिनेटच्या धातूवर मुख्य दाबाच्या सुमारे निम्मा दाब दिसतो, टेस्टर लावला की दिवा लागतो आणि हात टेकला की मुंग्या येतात. प्रवाह अगदी थोडा असतो, तरी त्यावरून “संगणकात करंट उतरला, बोर्ड जळाला” असे ठरवून टाकणारे कमी नाहीत. जुन्या वाड्याच्या दोन तारांच्या वायरिंगवर संगणक चालवायचा असेल, तर एका जाणत्या वायरमनकडून स्वतंत्र अर्थिंग करून घेणे हा भागांच्या खरेदीइतकाच आवश्यक खर्च समजावा.

यूपीएस असेल तर पहिली चाचणी करताना तो मधून काढून टाकावा. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार घेतो, त्यामुळे ग्राफिक कार्ड असलेला संगणक त्याच्यावर अडखळला तर आश्चर्य मानू नये. शिवाय त्याची बॅटरी जुनी झाली असेल, तर तो वीज असतानाही विचित्र वागतो. तासगाव किंवा कवठेमहांकाळच्या बाजूला शेतीपंप सुरू असताना विजेचा दाब उतरतो. ज्या एसएमपीएसच्या पाटीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, तो हे निभावून नेतो, पण २०० ते २४० व्होल्ट लिहिलेला स्वस्त एसएमपीएस अशा वेळी सुरूच होत नाही आणि रात्री उशिरा मात्र निमूटपणे चालतो. संगणक वेळ पाहून चालतो-बंद पडतो, अशी तक्रार असेल तर मल्टीमीटर प्रथम सॉकेटला लावावा.

एसएमपीएसच्या मागे एक छोटे बटण असते. त्यावरची उभी रेघ म्हणजे चालू आणि शून्य म्हणजे बंद. कॅबिनेट टेबलावर ठेवताना हाताने ते बंद होणे ही नित्याची गोष्ट आहे. जुन्या किंवा सेकंडहँड एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे लिहिलेली लाल पट्टीही असते. ती २३० वरच आहे याची वीज देण्यापूर्वी खात्री करावी, कारण ११५ वर ठेवून आपली वीज दिली तर मोठा आवाज होऊन तो एसएमपीएस तेथेच संपतो. वायरीचे एसएमपीएसमध्ये जाणारे टोक नवेपणी घट्ट असते, ते शेवटपर्यंत ढकललेले असावे.

बोर्डाला येणाऱ्या दोन जोडण्या

मदरबोर्डला वीज दोन ठिकाणी द्यावी लागते, आणि नवख्या हातून दुसरे ठिकाण राहून जाते. पहिली जोडणी म्हणजे उजव्या कडेची २४ पिनांची. ती बसताना कडक लागते. बोर्डाची कड दुसऱ्या हाताने खालून धरून, खटका बोर्डाच्या आकड्यात अडकल्याचा आवाज येईपर्यंत ती दाबावी. बाजूने पाहिल्यास एका टोकाला केसभर फट दिसत असेल, तर ती बसलेली नाही असे समजावे. दुसरी जोडणी म्हणजे प्रोसेसरच्या जवळ, बहुधा बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असणारी ८ पिनांची. कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवल्यावर तेथे बोट जात नाही, म्हणून ती ‘नंतर लावू’ असे म्हणून राहते. ती नसली तर पंखे फिरून लगेच थांबतात, किंवा फिरत राहतात आणि प्रोसेसर मुळात जागाच होत नाही.

याच जागी आणखी एक घोटाळा होतो. एसएमपीएसमधून प्रोसेसरसाठी आणि ग्राफिक कार्डासाठी अशा दोन वेगळ्या ८ पिनांच्या वायरी येतात. प्रोसेसरची चार आणि चार अशी सुटते, तर ग्राफिक कार्डाची सहा आणि दोन अशी सुटते. पिनांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेले असल्यामुळे चुकीची वायर सहज बसत नाही. बसत नाही म्हणून जोर लावणे मात्र थांबवले पाहिजे, कारण दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट असतात. सुट्या वायरींचा, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएस असेल तर अधिकच जपावे. जुन्या एसएमपीएसच्या वायरी दिसायला तशाच असतात आणि नव्यात घट्ट बसतातही. परंतु एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी सर्व कंपन्यांत सारखी नसते, एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ती वेगळी असू शकते. नव्या एसएमपीएसला त्याच्या खोक्यातल्याच वायरी लावाव्यात. जुनी वायर लावल्याने हार्ड डिस्क किंवा एसएसडी एका क्षणात जळते आणि तो तोटा कोणत्याही वॉरंटीत भरून मिळत नाही.

समोरच्या बटणाची दोन पिने

सगळी शांतता असताना सर्वांत दुर्लक्षित राहणारी जागा म्हणजे बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली फ्रंट पॅनेलची पिने. येथे दोन ओळींत नऊ पिने असतात आणि दहावी जागा रिकामी असते. तीच दिशा ओळखण्याची खूण. विषम अंकांच्या ओळीत १ आणि ३ ही हार्ड डिस्कच्या दिव्याची, ५ आणि ७ ही रिसेटची. सम अंकांच्या ओळीत २ आणि ४ ही पॉवरच्या दिव्याची, तर ६ आणि ८ ही पॉवरच्या बटणाची. आजच्या बहुतेक बोर्डांवर हीच मांडणी असते, तरी बोर्डाच्या पुस्तिकेतली आकृती पाहूनच वायर लावावी, कारण बोर्डावर छापलेली अक्षरे इतकी बारीक असतात की मोबाईलचा कॅमेरा मोठा करून वाचावी लागतात. दिव्यांच्या वायरींना उलट-सुलट असते, बटणाच्या वायरीला ते नसते. ती कोणत्याही दिशेने लावली तरी चालते, फक्त जागा बरोबर असली पाहिजे. एका पिनाने वायर सरकलेली असेल, तर बटण कितीही दाबले तरी बोर्डाला ते कळत नाही.

बटणाचा दोष आहे की बोर्डाचा, हे ठरवायला दुकानात जाण्याची गरज नाही. फ्रंट पॅनेलच्या सगळ्या वायरी काढून, वीज चालू ठेवून, ६ आणि ८ या दोन पिनांना लहान पेचकसाच्या टोकाने क्षणभर स्पर्श करावा. या पिनांवरचा दाब अत्यंत कमी असल्याने धोका नसतो, मात्र पेचकस घसरून शेजारच्या पिनांना लागू नये म्हणून मनगट कॅबिनेटच्या कडेवर टेकवून काम करावे. संगणक सुरू झाला, तर बोर्ड, एसएमपीएस आणि प्रोसेसर यांच्यावरचा संशय बराचसा दूर होतो आणि दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत उरतो. नवे बटण येईपर्यंत रिसेटची वायर पॉवरच्या जागी लावून काम चालवता येते. कॅबिनेट स्वस्तातले असेल, तर कित्येकदा तोच कायमचा उपाय होऊन बसतो.

पेचकसानेही काही झाले नाही, तर बोर्डाला मूळ वीज मिळते का ते पाहावे. संगणक बंद असतानाही एसएमपीएस ५ व्होल्टचा एक प्रवाह बोर्डाला सतत देत असतो. काही बोर्डांवर त्यासाठी छोटा दिवा असतो, काहींवर यूएसबीला लावलेल्या माऊसचा दिवा लागतो. मल्टीमीटर असेल तर २४ पिनांच्या जोडणीच्या मागून, काळा प्रोब काळ्या तारेला आणि लाल प्रोब जांभळ्या तारेला, म्हणजे ९ व्या पिनेला लावून ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळतात का हे पाहावे. दाब मुळीच नसेल तर दोष एसएमपीएसकडे झुकतो. दाब असेल आणि बोर्ड ढिम्म असेल, तर पुढच्या चाचणीकडे वळावे.

एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासणे

हिरव्या तारेचा जुना प्रयोग सर्वांना ऐकून माहीत असतो. २४ पिनांच्या जोडणीतली १६ वी पिन, म्हणजे हिरवी तार, कोणत्याही काळ्या तारेला जोडली की एसएमपीएस सुरू होतो. अडचण अशी की हल्ली पुष्कळ एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्याच असतात, आणि अंदाजाने दोन छिद्रांत क्लिप घालणे योग्य नाही. त्यासाठी एक खूण उपयोगी पडते. आजच्या एसएमपीएसमध्ये २० व्या पिनेची जागा तारेशिवाय रिकामी असते. ज्या ओळीत ही रिकामी जागा आहे, तिच्या एका बाजूला चार छिद्रे राहतात आणि दुसऱ्या बाजूला सात. सात छिद्रांच्या बाजूकडे मोजत गेल्यास रिकाम्या जागेपासूनचे तिसरे छिद्र ग्राउंडचे असते आणि चौथे १६ व्या पिनेचे. एसएमपीएस बंद व वायर काढलेली असताना ही दोन छिद्रे प्लास्टिकचे आवरण असलेल्या तारेच्या तुकड्याने जोडावीत, जोडणी बोर्डापासून पूर्ण सुटी करावी, आणि मगच वीज द्यावी. ज्यांना हे मोजणे जोखमीचे वाटते, त्यांनी काही कंपन्या खोक्यातच देतात तो चाचणीचा जंपर वापरावा.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काही चांगल्या एसएमपीएसचा पंखा कमी भारावर मुळात फिरतच नाही, म्हणून पंखा स्थिर दिसला तरी एसएमपीएस बिघडला असे ठरत नाही. एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोलेक्स वायरीवर कॅबिनेटचा एखादा पंखा लावून तो फिरतो का, हे पाहणे अधिक भरवशाचे. दुसरे म्हणजे ही चाचणी उत्तीर्ण झाली म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण येथे भार जवळजवळ शून्य असतो. पिवळ्या तारेवर ११.४० ते १२.६० आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट या मर्यादेत आकडे येत असतील तर तूर्त समाधान मानावे. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसविषयी मात्र माझे मत स्पष्ट आहे: चाचणीत तो नीट दिसला, तरीही ग्राफिक कार्ड असलेल्या संगणकाला तो लावू नये.

पंखा हलतो आणि थांबतो

बटण दाबल्यावर ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो, पंख्याची पाती इंचभर सरकतात आणि सगळे पुन्हा शांत होते. दुसऱ्यांदा बटण दाबले तर तेवढेही होत नाही. हा एसएमपीएसच्या संरक्षणाचा परिणाम आहे: कोठेतरी शॉर्ट आढळताच तो स्वतःला कुलूप लावून घेतो, आणि मागचे बटण बंद करून वायर काही मिनिटे काढून ठेवल्याशिवाय ते कुलूप निघत नाही. पुन्हा पुन्हा बटण दाबत बसण्यापेक्षा शॉर्ट शोधणे श्रेयस्कर.

तो शोधण्याची पहिली जागा बोर्डाच्या खाली असते. कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड थेट टेकू नये म्हणून पितळी स्टँडऑफ, म्हणजे स्क्रू बसणारे छोटे खुंट, लावतात आणि बोर्डाच्या भोकांच्या जागीच ते असावे लागतात. कॅबिनेट बहुधा ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरच्या एटीएक्स बोर्डासाठी तयार केलेले असते आणि त्यात काही स्टँडऑफ कारखान्यातूनच बसवून येतात. आपण आत ठेवतो तो २४४ मिलिमीटरचा चौरस मायक्रो एटीएक्स बोर्ड. मग एखादा स्टँडऑफ बोर्डाच्या भोकाखाली न येता त्याच्या पाठीवरच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकून राहतो. वरून पाहून हे कळत नाही. बोर्ड उचलून त्याच्या मागच्या बाजूला पितळेचा गोल ठसा किंवा ओरखडा दिसतो का ते उजेडात पाहावे, आणि ज्या स्टँडऑफवर भोक येत नाही तो पान्ह्याने किंवा पक्कडीने काढून टाकावा. जुळवताना निसटलेला स्क्रू बोर्डाखाली गेला असल्यास कॅबिनेट हळूच तिरके केले की खळखळ ऐकू येते. मागच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणाची एखादी वाकडी जीभ यूएसबीच्या किंवा लॅनच्या पोर्टमध्ये शिरते, तीही हाच उपद्रव करते. समोरच्या यूएसबीची वायर लावताना वाकलेली पिन आणि १२ व्होल्टच्या चार पिनांच्या जागी जबरदस्तीने बसवलेली ५ व्होल्टची रंगीत दिव्यांची वायर, या दोन जागाही नजरेखालून घालाव्यात.

एवढे करूनही थांगपत्ता लागला नाही, तर बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच सगळे ते टाळतात. परंतु तासभराच्या तर्कवितर्कांपेक्षा त्यातून अधिक कळते. मदरबोर्डचे पुठ्ठ्याचे खोके टेबलावर ठेवून त्यावर बोर्ड ठेवावा. ज्या चंदेरी पिशवीतून बोर्ड येतो, ती खाली अंथरू नये, कारण तिचा बाहेरचा थर काही प्रमाणात वीज वाहून नेतो. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर आणि रॅमची एकच पट्टी ठेवावी. ग्राफिक कार्ड, एसएसडी, कॅबिनेटचे पंखे, फ्रंट पॅनेल, सगळे काढावे. वीजेच्या दोन्ही जोडण्या देऊन पेचकसाने पॉवरची पिने टेकवावीत. येथे संगणक चालला, तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढलेल्या भागांत आहे, हे निश्चित झाले. मग एकेक भाग परत लावत, प्रत्येक वेळी वीज बंद करून, पुन्हा सुरू करून पाहावे. ज्या भागानंतर संगणक अडला, त्याच्यावर बोट ठेवता येते. दोन भाग एकदम लावण्याचा मोह येथे आवरला पाहिजे.

पुठ्ठ्यावरही तो टिक् करून थांबत असेल, तर कूलर काढून प्रोसेसरचे सॉकेट पाहावे. इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये पिने बोर्डावर असतात. मोबाईलचा दिवा तिरका धरला की सगळ्या पिनांची चमक एका दिशेने येते, आणि एखादी वाकलेली पिन तेवढीच वेगळी चमकते. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये पिने प्रोसेसरला असतात, आणि कूलर सरळ वर ओढला तर पेस्टला चिकटलेला प्रोसेसर कुलूपबंद सॉकेटमधूनही उपटून येतो. म्हणून कूलर आधी डावी-उजवीकडे हलके फिरवून सैल करावा.

पंखे फिरतात, पडदा काळा

हा भाग लवकर आटोपता येतो, कारण अनेक बोर्ड आता स्वतःच उत्तर देतात. बोर्डाच्या कडेला प्रोसेसर, रॅम, ग्राफिक आणि बूट अशा चार बारीक दिव्यांची ओळ असते. जो दिवा लागून राहतो, तेथे काम अडले आहे. ग्राफिक कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्याला लावावी, बोर्डाला नव्हे. ग्राफिक कार्ड नसेल, तर प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आहे का, हे पाहावे: इंटेल आय५-१२४०० मध्ये ती आहे, आय५-१२४००एफ मध्ये नाही, रायझन ५ ५६००जी मध्ये आहे, रायझन ५ ५६०० मध्ये नाही. केवळ एका अक्षराच्या फरकावरून बोर्ड परत पाठवण्याची वेळ अनेकांवर आलेली आहे.

रॅमची एकच पट्टी असेल, तर ती साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावतात, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. खटका बसेपर्यंत दोन्ही टोके दाबावीत. डीडीआर५ रॅम असलेला संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी तपासण्यात काही मिनिटे घेतो आणि तेवढा वेळ पडदा काळाच राहतो; विशेषतः एएम५ बोर्डावर या काळात वीज बंद करणाऱ्यांना प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करावी लागते. चहा पिऊन येईपर्यंत तो तसाच सोडावा.

बोर्ड जुन्या साठ्यातला असेल आणि प्रोसेसर त्याच्यानंतरच्या पिढीतला असेल, तर बायोस जुना असण्याची शक्यता धरावी. बी४५० बोर्डावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर किंवा एच६१० बोर्डावर इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतला प्रोसेसर लावताना हा प्रश्न हमखास येतो. बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचे बटण असेल, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसर न लावताही फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून नवा बायोस चढवता येतो. नसेल तर सुसंगत जुना प्रोसेसर ज्याच्याकडे आहे, असा दुकानदार शोधावा. त्याआधी गोल सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटे काढून, किंवा सीमॉसची (बायोसची सेटिंग पुसण्यासाठी बोर्डावर दिलेली) पिने टेकवून, जुनी सेटिंग पुसून पाहण्यास हरकत नाही.

जुना भाग विकत घेऊन जुळवणी केली असेल, तर सांगलीत आणखी एक तपासणी आवश्यक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्याखाली गेलेले संगणक धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आले असण्याची शक्यता नेहमीच राहते. बोर्डाच्या जोडण्यांच्या मुळाशी हिरवट-पांढरा थर, स्क्रूंच्या भोकांभोवती गंज किंवा एसएमपीएसच्या जाळीतून दिसणारी वाळलेल्या गाळाची बारीक रेघ आढळली, तर तो भाग वीज न देताच परत करावा.

दुकानात किंवा सेवा केंद्रात जाताना

वरच्या चाचण्यांनंतर संशय एसएमपीएस, बोर्ड आणि प्रोसेसर यांच्यावरच उरला, तर यापुढे बदलून पाहायला दुसरा भाग हवा, आणि तो मित्राकडे किंवा दुकानातच मिळतो. आधी एसएमपीएस बदलून पाहावा, कारण तो सर्वांत सहज मिळतो आणि त्याच्याच बिघाडाची शक्यता अधिक असते. नंतर रॅम, मग बोर्ड आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर, कारण नवा प्रोसेसर बिघडलेला निघणे दुर्मीळ असते. दुकानात सर्व कॅबिनेट उचलून नेण्यापेक्षा कोणत्या चाचण्या केल्या आणि काय दिसले, हे कागदावर लिहून नेल्यास काम लवकर होते. शक्य असेल तर बटण दाबल्यावर काय होते याचे दहा सेकंदांचे चित्रीकरण मोबाईलवर ठेवावे.

ऑनलाइन खरेदी असेल, तर परतीची मुदत आधी पाहावी, कारण ती संपल्यावर विक्रेता सेवा केंद्राकडे बोट दाखवतो आणि ते केंद्र कोल्हापूर किंवा पुण्याला असेल तर दोन्ही बाजूंचा कुरिअरचा खर्च व आठवडे जातात. जीएसटीचे बिल, खोक्यावरचा सीरिअल नंबर आणि बोर्डावरचा सीरिअल नंबर जुळतात हे पाहून तिन्हींची छायाचित्रे घ्यावीत. पिने बोर्डावर असलेले सॉकेट असेल, तर बोर्ड पाठवण्यापूर्वी सॉकेटचे जवळून छायाचित्र काढून ठेवावे, आणि प्रोसेसर बसवताना निघालेले प्लास्टिकचे काळे झाकण त्यावर परत लावावे. ते नसेल तर प्रवासात पिने वाकतात, आणि वाकलेल्या पिनांचा बोर्ड सेवा केंद्र वॉरंटीत घेत नाही.